हिवराची साल आणि माझी जाऊ

बाळांनो, हिवराच्या झाडाच्या सालीवरचा तो प्रबंध तुम्हाला इंटरनेटवर सापडला आणि आभारांत माझं नाव पाहून तुम्ही मला शाबासकी पाठवलीत. ती मला पचली नाही, म्हणून आजच लिहिते.

मी सांगलीला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. माझी थोरली जाऊ म्हसवडजवळ शेतावर राहायची, शाळा चौथीपर्यंत. गुरांच्या, माणसांच्या जखमा ती हिवराच्या सालीच्या पाण्याने धुवायची. तुमचे आजोबासुद्धा पायाला लागलं की माझं मलम बाजूला सारून तिच्यापुढे पाय करायचे. ते मला फार लागायचं.

मी निवृत्त झाल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी तिच्या प्रबंधासाठी ही साल जंतूंवर आणि कॅन्सरच्या पेशींवर तपासणार होती. मी साल आणली, प्रयोगशाळेच्या भट्टीत कडक वाळवली, दळली, बाटलीवर सुबक चिठ्ठी लावली. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत तो अर्क ठेवला, तर जंतू त्याला खेटून वाढले.

आम्ही दोघी म्हसवडला गेलो. जाऊबाई हसल्या.

"भाजलीस व्हय गं मास्तरीण? साल हाय का भाकरी?"

त्यांनी ओली साल ठेचून पाण्यात भिजवून दिली. या वेळी प्रयोगशाळेतल्या बशीत अर्काभोवती जंतू मेल्याचा स्वच्छ गोल उमटला. विद्यार्थिनी पट्टीने तो मोजत म्हणाली, "मॅडम, तुमच्या जाऊबाई ग्रेट आहेत हं!" मी बशीवर झाकण ठेवलं. पुढे मिरजेच्या प्रयोगशाळेतून कळलं, की कॅन्सरच्या पेशींवर सालीचा काही परिणाम नाही. मला बरं वाटलं. कॅन्सरच्या बाबतीत बरं वाटलं मला!

मग विद्यार्थिनीने एक फॉर्म पाठवला: माहिती देणाऱ्याचं नाव. तो मी भरला. माझ्या नेहमीच्या नीट अक्षरात लिहिलं, 'स्थानिक महिला'.

दिवाळीत जाऊबाईंनी विचारलं, "माजं नाव घातलं न्हवं पुस्तकात?"

"घातलंय की."

त्यांनी ते साऱ्या वस्तीत सांगितलं. गेल्या थंडीत त्या गेल्या. त्यानंतर मी विद्यार्थिनीला खरं कळवलं. ती म्हणाली, सादर झालेला प्रबंध आता बदलता येत नाही.

तिथे अजून 'स्थानिक महिला' एवढंच आहे.