पर्समधलं बिऱ्हाड

घरात तिला सगळे तुफान म्हणतात. नाव वडिलांनी ठेवलेलं. जन्मापासून डोळ्यांना दिसत नाही, तरी ही पोरगी घरभर पळायची, दारावर आदळायची आणि रडायचं सोडून त्या दारालाच दोन शिव्या हासडून पुढे जायची. आता चाळिशी जवळ आली. पळणं कमी झालंय, शिव्यांचं मात्र सांगवत नाही.

एका इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिनं बरीच वर्षं काढली. मग बोर्ड गेला, त्याच्या जागी आपोआप बोलणारं यंत्र आलं आणि तुफान घरी बसली. भाऊ समजुतीनं म्हणाला, "आता जरा आराम कर."

"आराम मेल्यावर करीन," ती म्हणाली आणि त्याच्याच कॉम्प्युटरचा ताबा घेतला.

मग काय, रोज जुंपायची. पडद्यावरचं वाचून दाखवणारा तिचा यांत्रिक आवाज सुरू झाला की भावाचं डोकं उठायचं. त्याच्या सेटिंग्ज ती बदलायची, तिच्या तो. शेवटी त्यानंच एक बाहेरची हार्ड डिस्क आणली, तळहाताएवढी, आणि तिच्यावर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चढवून दिली. यूएसबीची तार जोडायची, कॉम्प्युटर चालू करताना एक कळ दाबत राहायची, यादीतून ही डिस्क निवडायची, की कॉम्प्युटर आतल्या डिस्कला हात न लावता हिच्यावरून उठतो. तिचा वाचणारा आवाज, तिच्या फायली, सगळं जागच्या जागी. डिस्क काढली की कॉम्प्युटर पुन्हा भावाचा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हिचं पर्समध्ये.

यात गोम एकच. आवाज येतो तो सिस्टिम उठल्यावर. त्याआधीची यादी मुकी. तेवढं अंतर तुफान तळहातानं पार करते. डिस्क जुन्या धाटणीची, आत चकती फिरणारी, चालू झाली की हाताला गुणगुण लागते. वहिनीनं एकदा नवी, बिनआवाजाची घ्यायचं सुचवलं, तर ही उसळली, "नको गं बाई! हिची गुणगुण लागली की मला कळतं, आहे जिवंत."

अशात एका कार्यालयात बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणारं माणूस हवं असल्याचं कळलं. तुफानचे कान आणि तुफानची बोटं, आणखी काय पाहिजे? साहेबांनी फोनवर बजावलं, "आमच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरचं काही टाकता येणार नाही."

"टाकत नाही. माझं मी घेऊन येते, जाताना उचलून नेते."

साहेब गोंधळले, पण परीक्षेला या म्हणाले. रात्रभर तुफानला झोप नाही. पुन्हा कामाला जायचं! वहिनीला तिनं पहाटेच हलवून उठवलं आणि सोबत घेऊन कार्यालय गाठलं.

माणसांना ती आवाजावरून नावं देते. साहेबांचे बूट करकरायचे, म्हणून ते करकरसाहेब. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तो किल्लीवाला. बाहेरच्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू करण्यावरची बंदी त्यानं आधीच उठवून ठेवली होती. "यादीत तुमची डिस्क दुसरी दिसेल," त्यानं सांगितलं आणि आला तसा गेला.

वहिनीला आत येऊ दिलं नाही. परीक्षा म्हणजे परीक्षा. करकरसाहेब म्हणाले, "बाई, पुढचा उमेदवार बाहेर बसलाय. त्याची वेळ व्हायच्या आत तुमचं यंत्र सुरू झालं तर ठीक, नाहीतर माझा नाइलाज."

तुफाननं कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला तार जोडली. बटण, कळ, बाण खाली, एंटर. आणि टिंग टिंग करत भलतंच संगीत वाजलं. कार्यालयाची सिस्टिम उठली होती. हिच्या डिस्कला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

दाराबाहेर वहिनी घसा खाकरत होती, म्हणजे तिलाही संगीत ऐकू गेलं होतं. तुफाननं डिस्कवर तळहात ठेवला. गुणगुण नाही. नुसतं टिक, टिक. चकती फिरायला बघत होती आणि बसकण मारत होती.

"अगं, उपाशी आहेस होय!" ती मोठ्यानं म्हणाली.

"काय म्हणालात?" साहेब दचकले.

"वीज कमी पडतेय हिला. साहेब, मागच्या बाजूला जोडू?"

उत्तराची वाट बघेल तर ती तुफान कसली! इस्त्रीच्या कपड्यांची पर्वा न करता ती टेबलाखाली शिरली. पुढच्या जागेत वीज पुरत नसली तरी मागच्या जागेत बहुधा पुरते, हे भावाच्या कॉम्प्युटरनं तिला शिकवलं होतं. धूळ, तारांचा गुंता, डोक्याला टेबलाची फळी लागली. फळीला एक शिवी. बोटांना खाच सापडली आणि तार बसली.

गुणगुण!

आधी पोटोबा, मग विठोबा, हे डिस्कलाही लागू. तुफान बाहेर आली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. कळ, बाण, एंटर. थांबली. छाती अशी धडधडत होती की डिस्कची थरथर कुठली आणि आपली कुठली, तिला कळेना. आणि मग तो सपाट, यांत्रिक, जगातला सगळ्यात गोड आवाज आला: "डेस्कटॉप. तयार."

"झालं!" ती ओरडली. बाहेर वहिनीनं टाळी वाजवली आणि मग स्वतःच ओशाळली.

रेकॉर्डिंगमध्ये तिघं एकाच वेळी भांडत होते. टेलिफोन बोर्डावर जन्म काढलेल्या बाईला तिघं म्हणजे किस झाड की पत्ती. साहेबांनी टाइप केलेला मजकूर वाचला, बूट एकदा करकरले, आणि ते म्हणाले, "हा तिसरा माणूस काय बोलतो, ते मला बैठकीत बसूनही कळलं नव्हतं."

तुफाननं कॉम्प्युटर बंद केला, डिस्क काढून पर्समध्ये टाकली. साहेबांनी तो पुन्हा चालू केला तर टिंग टिंग, सगळं पहिल्यासारखं.

"कमाल आहे. तुम्ही इथं बसला होतात याची खूणसुद्धा नाही राहिली."

"खूण हवी असेल तर खुर्ची तेवढी माझी ठेवा," ती म्हणाली.

साहेब हसले. "कळवतो," म्हणाले. पुढचे चार दिवस घरात कुणाची तिच्याशी बोलायची छाती झाली नाही. मग फोन आला.

सोमवारी ती एकटीच गेली. खुर्चीवर बसली, पर्समधून डिस्क काढली आणि टेबलाखाली शिरायला वाकणार, तोच हाताला काहीतरी लागलं. एक तार. कॉम्प्युटरच्या मागून निघून वर आलेली, टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं नीट बसवलेली, तोंड तिच्याकडे करून. किल्ल्यांचा आवाज कुठेच नव्हता. करून, न सांगता गेला होता.

तिनं डिस्क जोडली आणि वर तळहात ठेवला. मग आपण कार्यालयात आहोत हे विसरून मोठ्यानं हाक मारली, "अहो किल्लीवाले, कुठे आहात? इकडे या, ऐका तरी, कशी गुणगुणतेय!"