पांढऱ्या कपड्यांचं वर्ष

बीकॉम झाल्यावर, बरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून, मी जुन्या पनवेलमधल्या एका ब्युरोत बसायचे. घरी आजारी माणसाजवळ राहायला आया आणि नर्स पुरवणारं ते ऑफिस. एक खोली, दोन टेबलं आणि भिंतीवर हृदयाचा उभा छेद दाखवणारं चित्र. मॅडम फोनवर बोलायच्या, मी इंग्रजीत फॉर्म भरायचे. बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडलं होतं.

नेपाळात भूकंप झाला त्या वर्षी, भूकंपानंतर तीनेक महिन्यांनी, एक बाई आली. तीस-बत्तीसची असेल. पांढरी सुती साडी, पांढरा ब्लाऊज, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हातात बांगडी नाही, कपाळाला टिकली नाही. सोबत तिचा दीर होता, नवीन पनवेलमध्ये एका इमारतीचा वॉचमन. गावातलं घर पडलं, भाऊ त्याखाली गेला, भावाच्या दोन्ही मुली आजोळी आहेत, असं त्याने उभ्यानेच सांगितलं. तो जिन्याखालच्या खोलीत राहायचा आणि सोसायटीच्या कमिटीने पाहुणीला महिनाअखेर हलवा असं त्याला लेखी कळवलं होतं. तो कागदही त्याने आणला होता. म्हणजे राहण्याची सोय असलेलं काम हवं, नाहीतर परत. परतायला तर घरच उरलं नव्हतं.

कामं तिने शोधून पाहिली होती. एका चायनीजच्या गाडीवाल्याने तिला चेहरा पाहून लगेच ठेवलं आणि मंच्युरियन येत नाही म्हणून लगेच काढलं. तिने मंच्युरियन आयुष्यात पाहिलं नव्हतं. एका पार्लरवालीने थाई मसाज येतो का असं विचारलं. तिला म्हशी सांभाळता येत होत्या, डोंगरउतारावरची शेती येत होती, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं तिने चार वर्षं केलं होतं.

मी फॉर्म घेऊन तिच्याजवळ बसले. वैवाहिक स्थितीच्या रकान्याशी आले तेव्हा तिने हळू आवाजात हिंदीत सांगितलं की नवरा गेला की त्यांच्यात बायकोने वर्षभर पांढरंच नेसायचं असतं. पायात चामडंही घालायचं नाही. मी रकाना भरला.

तेवढ्यात मॅडमनी चष्मा वर करून तिला नखशिखान्त पाहिलं. म्हणाल्या, "ही ट्रेन्ड दिसते. युनिफॉर्म आहे, शूजसुद्धा आहेत. लिही, नर्सिंग असिस्टंट."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मॅडमचं वाक्य संपायची मी वाट पाहत होते आणि ते संपताच फोन वाजला. नंतर उशीर झालाय असं वाटलं. माझ्या बऱ्याच न बोललेल्या गोष्टींचं कारण एवढंच असतं.

तिला पनवेलजवळच्या कोन गावी पाठवलं. एक्सप्रेसवेजवळच्या जमिनी विकल्यावर बांधलेला तीन मजली बंगला होता. घरातल्या आजींचं अर्धं अंग अर्धांगवायूने गेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांनी वर्षभरात सहा आया पळवून लावल्या होत्या. एकीला स्टीलचा ग्लास लागला होता. त्यामुळे या वेळी घरच्यांनी नर्सच मागितली होती.

दर महिन्याला हजेरीच्या कागदावर सही आणायला मी कोनला जायचे. आजींची सून आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची, ही आमची नर्स. शेजारचे लोक ब्लडप्रेशर दाखवायला यायचे. ती त्यांचं मनगट धरायची, खिडकीबाहेर बघायची आणि मीठ कमी खायला सांगायची. मी नर्स नाही, असं तिने एकदा सुनेला सरळ सांगितलं होतं. सुनेला तो तिचा साधेपणा वाटला.

खरं काम वेगळंच चाललं होतं. राईच्या तेलात मेथीचे दाणे काळे होईपर्यंत कढवून ती रोज सकाळी आजींचं अंग चोळायची. सगळ्या घराला त्याचा वास यायचा. सून सुरुवातीला अगरबत्ती लावायची, मग तिने सोडून दिलं. दर दोन तासांनी आजींना कुशीवर वळवायचं. आजी आगरी बोलीत शिव्या द्यायच्या, ही नेपाळीत उत्तर द्यायची. कोणाचीच तक्रार नव्हती. तीन महिन्यांत आजींच्या पाठीवरच्या, पडून पडून झालेल्या जखमा भरल्या.

पुढच्या वैशाखात तिचा ब्युरोत फोन आला. मॅडम बाहेर गेल्या होत्या म्हणून मला घ्यावा लागला. तिथीप्रमाणे वर्ष पूर्ण होत होतं, दीर भटजींना बोलावणार होता, एक दिवसाची सुट्टी हवी होती. आणि आता पांढरं नेसणार नाही, असं तिने सांगितलं. वर्षानंतरही नेसलं तर घरात आणखी एक मरण बोलावल्यासारखं होतं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

ती निळी, बारीक फुलांची साडी नेसून कोनला परत गेली. त्यानंतर आठ दिवसांनी तिथे नातवाची हळद होती. सुनेने मॅडमना फोन केला. हजारभर माणूस येणार, नगरसेवक येणार, सासूबाईंजवळ नर्स दिसायला नको का? तिला पांढऱ्यात ठेवा, नाहीतर घेऊन जा. मॅडमनी तिला फोनवरून समजावलं, ती नाही म्हणाली, मॅडमना कारण कळलं नाही. त्यांनी दोन नवे युनिफॉर्म पिशवीत घातले आणि तिला समजवायला मला पाठवलं. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं.

हॉलमध्ये पिवळ्या साड्यांचा ढीग होता. हळदीला घरातल्या सगळ्या बायकांनी एकसारखं नेसायचं म्हणून एकाच दुकानातून आणलेल्या. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं, तिथे आजींच्या पलंगाशी ती उभी होती. तिची कपड्यांची पिशवी भरून खाली ठेवलेली होती. दिराची नोकरी दोन महिन्यांपूर्वी सुटली होती आणि तो गुजरातकडे जायचं म्हणत होता. जिन्याखालची खोलीही आता नव्हती. मी युनिफॉर्म पुढे केले.

"बहिनी," ती म्हणाली. धाकट्या बहिणीला त्यांच्यात तसं म्हणतात. "निकाल देंगे तो जाऊँगी. सफेद नहीं पहनूँगी."

सून म्हणाली, "पगाराच्या मानसाचा येवढा हट? कापडच हाय ना ते?"

सून माझ्याकडे बघत होती, म्हणून उत्तर मलाच द्यावं लागलं.

"ते युनिफॉर्म नव्हतं," मी म्हटलं. "तिचा नवरा गेला होता. त्यांच्यात वर्षभर पांढरं नेसतात. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

सून खाली बसली. ती मनात मागे मागे जात असावी: साखरपुडा, दिवाळी, नवरात्र, गणपती. या सगळ्यांत सुतकातली बाई पांढरं नेसून घरात वावरत होती आणि तिला बघायला हिनेच लोकांना बोलावलं होतं.

"साखरपुड्याला ओटीचा ताट मीच हिच्या हातान दिलता," ती सावकाश म्हणाली.

त्यावर पलंगाजवळून ती हिंदीत म्हणाली की ताट तिने लगेच टेबलावर ठेवलं होतं आणि पूजा उरकेपर्यंत ती या खोलीतून बाहेर आली नव्हती. हे खरं होतं, सुनेनेच मला ते तेव्हा कौतुकाने सांगितलं होतं. नर्स किती ड्युटी करते, असं तेव्हा पाहुणे म्हणाले होते.

पलंगावरून आजींचा आवाज आला. शब्द जड यायचे, पण कळायचे.

"मना बी पयल्या दिसाशी ठाव हाय. मी पन पांढऱ्या कपालाचीच हाय. तुमालाच डोले नाय." मग थोडा दम घेऊन, "हिला धाडलीस त मी हलदीला भायेर येनार नाय. सांग नगरशेवकाला."

सून बराच वेळ साड्यांच्या घड्या नीट करत राहिली. नीट असलेल्याही तिने पुन्हा केल्या.

"वर्स संपला ना पन?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, संपलं.

"नक्की?"

"तिथीप्रमाणे," मी म्हटलं.

सुनेने ढिगातली एक पिवळी साडी काढून तिच्यासमोर धरली. "हलदीला हीच नेस. कोनी इचारला त सांगीन, नर्स सुट्टीवर गेली. आनि यातला कोनाला बोलायचा नाय." शेवटचं वाक्य मला होतं. ते सांगायची गरज नव्हती.

मॅडमना काय सांगायचं याचा विचार करत मी युनिफॉर्म परत पिशवीत घालत होते. तिने आपली पिशवी उघडून कपडे आजींच्या कपाटात लावले. पिवळी साडी तशीच घडीत पलंगाच्या पायथ्याशी राहिली. आजींना दुसऱ्या कुशीवर वळवायची वेळ झाली होती, आणि एकटीला जड जातं म्हणून तिने मला पाय धरायला सांगितलं.