माझ्या दाराची दुसरी चावी

मी मोरीतून हातांवर सरकत बाहेर येत होते. अंगावर ओला परकर, छातीपाशी बांधलेला. केसांतून पाणी गळत होतं. आणि माझ्याच घराचं दार बाहेरून उघडलं.

दारात अण्णा. आमच्या बिल्डिंगचे चेअरमन. त्यांच्या मागे त्यांची पुण्याची मेहुणी आणि तिचा नवरा.

"बेल वाजवली होती गो," अण्णा म्हणाले. "उघडलं नाहीस. म्हटलं पडलीबिडलीस की काय."

बेल मी ऐकली होती. "येत्ये, थांबा," असं ओरडलेही होते. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो. पाय जन्मापासून लुळे. बाहेर व्हीलचेअर, ऑफिसला जायला तीनचाकी स्कूटर, आणि घरात जमिनीवर बसून, हातांच्या जोरावर. हे अण्णांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण खिशात चावी असल्यावर थांबायचं कशाला?

मला वाटलं, आता मागे फिरतील. माणसं फिरतात. कुठल्याही बाईला अशा अवस्थेत बघितलं की माणूस जीभ चावतो, मान वळवतो, दार ओढून घेतो. अण्णांनी चपला काढल्या आणि ते आत आले.

"हीच ती," पाहुण्यांना म्हणाले. "एकटी राहते. सगळं स्वतःचं स्वतः करते. म्हटलं होतं ना, बघण्यासारखं आहे."

बघण्यासारखं! सकाळी आरे-वारेचा समुद्रकिनारा दाखवून झाला होता. दुपारी मी.

मेहुणी चुकचुकली. "अगं बाई, कसं करत असेल हो ही सगळं?" विचारलं कोणाला, तर अण्णांना. तिचा नवरा फरशीवरचा ओला पट्टा बघत होता, मोरीपासून माझ्यापर्यंतचा. मी खाटेवरची चादर ओढली आणि अंगाभोवती गुंडाळली.

"अण्णा, बाहेर जा."

"अगो, लाज कसली? मी तुझ्या बापासारखा."

माझ्या बापाने मला असं कधी बघितलं नाही. आमच्या पडवीला दार नव्हतं, तरी तो अंगणातून खाकरत यायचा आणि मी "या" म्हणेपर्यंत बाहेर उभा राहायचा. तो गेला. त्याच्यामागे घरात कोणी खाकरलं नाही.

घर आमचं मंडणगडच्या बाजूला, डोंगरात. माझी खाट पडवीत. आत उंबरे फार, म्हणून पडवीत. येणारा-जाणारा आधी माझ्या खाटेवर टेकायचा. पाणी मागायचा, गावच्या गप्पा हाणायचा, आणि मी तिथेच, खाटेचाच एक भाग. कपडे बदलायचे तर आई दोरीवर पातळ टाकून आडोसा करायची. वारा आला की पातळ उडायचं. आई म्हणायची, "असू दे गो बाय, कोण बघतंय." सगळे बघत होते. मी मोठी झाले तेही सगळ्यांनी त्या पातळाच्या फटीतून बघितलं.

म्हणून रत्नागिरीत नोकरी लागली, आंबा कॅनिंगच्या ऑफिसात, ऑर्डरी बघायची, तेव्हा लोक म्हणाले आता पगार येईल, बरं झालं. मला पगार दिसतच नव्हता. मला एक दार दिसत होतं. लावता येईल असं.

घर मिळता मिळेना. "एकटी? आणि अशी?" एक मालकीणबाई तर फोनवर गोड बोलली, आणि मी दारात पोचल्यावर म्हणाली, "उद्या काही झालं तर पोलिसांना आम्ही काय सांगायचं?" जणू मी मरायलाच जागा शोधत होते. शेवटी हा तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला. दादा, माझा भाऊ, मुंबईहून सामान लावायला आला. टेम्पो रिकामा झाला आणि त्याने एक चावी माझ्या हातात दिली, दुसरी अण्णांच्या.

मी म्हटलं, "त्यांना कशाला?"

"नाहीतर सामान परत टेम्पोत टाकतो," दादा म्हणाला. टेम्पोवाला तिथेच विडी ओढत उभा होता. मी माझी चावी कमरेला खोचली.

दाराला आतून कडी होती. वर, उभ्या माणसाच्या खांद्यापाशी. बसवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं माणूसच असणार. मी झाडूच्या दांड्याने ढकलून बघितली. हलली नाही. राहिलं लॅच, आणि लॅच तर चावीने उघडतं.

तरीही पहिले दिवस मी सुखात होते, खोटं कशाला बोलू. ओट्यावरची शेगडी मी खाली घेतली, चिऱ्यावर ठेवली. बाजारातून बांगडे आणले. विळीवर मासे कापायला कोकणातली प्रत्येक बाई जमिनीवरच बसते. तिथे मी कोणापेक्षा तसूभर कमी नव्हते. दार बंद करून कालवण-भात खाल्ला. बोटं चाटली. कोणी बघितलं नाही.

मग एकदा ऑफिसातून आले तर शेगडी परत ओट्यावर. "खाली धोका असतो," अण्णांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी खाली घेतली. पुन्हा एकदा आले तर कपाट लावलेलं. अण्णांच्या बायकोने लावलेलं. माझे आतले कपडेसुद्धा घड्या घालून ठेवलेले. मी "थँक्यू काकू" म्हटलं. म्हटलं मी ते! दात आवळून, पण म्हटलं. आपल्यासारख्यांना आधी आभार मानायला शिकवतात, बोलायला नंतर.

त्या पाहुण्यांच्या दिवशी मात्र माझं डोकं सटकलं. कपडे घालून, खुर्चीत बसून मी लिफ्टने वर अण्णांच्या दारात गेले. "माझी चावी द्या."

"तुझी कुठे? तुझ्या भावाने दिलीय. त्याच्या शब्दावर ठेवलीय." वर हसले. "रागावू नको गो. तुझ्या भल्यासाठीच ना?"

मी दादाला फोन लावला. सगळं सांगितलं.

दादा म्हणाला, "बघितलं तर बघितलं. तुझ्यात काय बघायचंय कोणाला?"

सख्खा भाऊ. एकाच आईच्या पोटचा. एक म्हणतो बघण्यासारखी, दुसरा म्हणतो बघायचंय काय. या दोघांत मी बाई कुठे होते? माणूस तरी कुठे होते?

"शिमग्याला येतो," तो म्हणाला. "मग काय ते ठरवू. नाहीतर गावाला चल."

गावाला म्हणजे पडवीत.

शिमग्याला पालखी बिल्डिंगमध्ये आली. पार्किंगमध्ये नाचवली, मग पाटावर बसवली. ढोल वाजत होते, बायका ओटी भरत होत्या. मीही नवी साडी नेसून खुर्चीत बसले होते. पालखीचं मला भारी वेड. गावी ती पडवीच्या पुढ्यात नाचायची तेव्हा माझ्याही अंगात यायचं बाकी राहायचं. दादा आला होता, अण्णांच्या शेजारी उभा होता. दोघांचं आधीच काहीतरी बोलणं झालेलं दिसत होतं.

मग गाऱ्हाणं. गुरव हात जोडून सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागतो, आणि त्याच्या प्रत्येक बोलाला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. व्हय म्हटलं की ते मागणं सगळ्यांचं झालं. बिल्डिंगचं गाऱ्हाणं झालं. मग अण्णा गुरवाच्या कानाशी लागले.

"बा म्हाराजा, ही लेक तुज्या पायाशी आलीय!"

"व्हय म्हाराजा!"

"पायानं अधू हाय, सोभावानं हट्टी हाय!"

लोक हसले. हसत हसत, "व्हय म्हाराजा!"

"तिचा हट्ट सोडव. तिला तिच्या मानसांत, तिच्या घरी सुखरूप नेऊन घाल!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज दादाचा.

चावीचा निकाल असा लागला होता. देवापुढे, गुरवाच्या तोंडून. मला न विचारता माझ्यासाठी मागितलं, आणि माझ्याच शेजाऱ्यांनी होकार भरला. आता सगळे माझ्याकडे बघत होते. मीही हात जोडावेत, व्हय म्हणावं, डोळे पुसावेत.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

गाऱ्हाण्यात नाय म्हणत नाहीत. मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. ढोलवाल्याने उचललेली काठी तशीच राहिली. गुरव म्हणाला, "बाय, असा बोलू नये."

"माझं गाऱ्हाणं मी घालते," मी म्हटलं, आणि हात जोडले. आवाज चढवला, मागच्यांनाही ऐकू जाईल इतका. "बा म्हाराजा, मला पाय नकोत. माझ्या घराची एक चावी अण्णांकडे आहे. ते न विचारता आत येतात. मी आंघोळ करून ओल्या परकरात जमिनीवरून येत होते, तेव्हा ते पाहुणे घेऊन आले आणि मला दाखवलं. ती चावी मला परत मिळू दे."

आणि थांबले.

कोणी व्हय म्हटलं नाही. काकू पदराशी चाळा करत होत्या. ज्या बायका जिन्यात मला "काय गो, बरी ना?" विचारतात, त्या पालखीकडे बघत होत्या. दादा जमिनीकडे.

"व्हय म्हाराजा," मी एकटीने म्हटलं.

ढोल परत सुरू झाले, पालखी उचलली, पुढच्या बिल्डिंगकडे गेली. मागोमाग दादा आला. "नाक कापलंस माझं. देवापुढे नाय म्हणतात?"

"चावी घेऊन दे, नाहीतर तू जा."

तो गेला. अण्णांनी चावी दिली नाही. "देवापुढे तमाशा करणाऱ्यांना मी भीक घालत नाही," असं मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने जिन्यात म्हणाले. आणि मी खुळी, मला खरंच वाटलं होतं की एवढ्या माणसांदेखत तरी त्यांना शरम वाटेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना हार्डवेअरच्या दुकानासमोर स्कूटर थांबवली. एक कडी घेतली, चांगली जाड, आणि स्क्रू. लॅच बदलायचं तर मालकाला विचारा, मालक अण्णांना विचारणार. कडीला कोणाला विचारायचं नव्हतं. संध्याकाळी दारापाशी फतकल मारून बसले, खिळ्याने भोकं पाडली, पेचकसाने स्क्रू आवळले. तळहाताची साल निघाली. कडी थोडी वाकडी बसली. पण बसली माझ्या हाताच्या उंचीवर, जमिनीपासून वीत-दीड वीत.

त्यानंतरच्या रविवारी मी विळीवर बांगडे साफ करत होते. लॅच फिरल्याचा आवाज आला. दार हललं, पण उघडलं नाही. पुन्हा ढकललं. पुन्हा नाही.

"अगो! दार का उघडत नाही?"

"कडी लावलीय."

"आणि आत पडलीस तर? मेलीबिलीस तर कळणार कसं आम्हाला?"

"बेल वाजवा," मी म्हटलं. "मग थांबा. मला यायला वेळ लागतो."

अण्णा थांबले नाहीत. जिना चढताना त्यांची बडबड ऐकू येत होती. मी हातातला बांगडा पुरा केला.

पडेन मी कधीतरी. मला माहीत आहे, मोरीतली फरशी निसरडी आहे. त्या दिवशी दार तोडावं लागेल. खुशाल तोडा. जगले वाचले तर नवं दार बसवीन, आणि कडी परत तिथेच ठोकीन, जमिनीपासून वीत-दीड वीत.