भोंग्याची तीन आठवड्यांची रजा

घरात सगळे तिला भोंगा म्हणत आणि त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नव्हती. तिचे बाबा पत्र्याची पिंपं बनवणाऱ्या कारखान्यात होते. सकाळी सात ते दुपारी तीन, हातोडा आणि पत्रा. चाळिशीला टेकेपर्यंत पिंपांनी त्यांचे कान खाऊन टाकले. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून बाबांनी ते कपाटात मोज्यांच्या ढिगात टाकून दिलं. आईचा आवाज जन्मापासून बारीक. मग नवराबायकोच्या मध्ये उरली ही एकुलती एक. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "विचार त्यांना, भाजी कसली करू?" आणि पोरगी ते पोटातून ओरडून बाबांपर्यंत पोचवायची. बाबांच्या आधी शेजारचे उत्तर द्यायचे. भांडणंही हिच्याच मार्फत होत. आईचं एक वाक्य ही दहापट मोठं करून पुढे पाठवी आणि वर पदरचे दोन शब्द घाली.

शाळेत अर्थातच हिचा मुक्काम वर्गाबाहेर असे. एकदा खेळाच्या बाईंना मैदानाच्या पलीकडच्या टोकाला हिचा आवाज ऐकू आला आणि त्यांचे डोळे चमकले. "हिला फुटबॉलच्या गोलमध्ये उभी करा. तिथून हिला सगळं मैदान दिसेल आणि सगळ्या मैदानाला ही ऐकू येईल." चेंडू अडवता येतो का, हे कुणी विचारलंच नाही. येत नव्हता. पहिल्या सामन्यात तिने सात गोल खाल्ले आणि सातही वेळा चूक कुणाची, ते रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही कळलं.

पण पोरगी हट्टी होती. पडायचं ते कमरेच्या बाजूवर, हातमोजे घालण्याआधी ओले करायचे, चेंडूच्या मागे आधी बोटं आणि बोटांच्या मागे छाती, हे सगळं ती हाडं शेकून शेकून शिकली. डाव्या करंगळीनं एकदा गोलच्या खांबाशी वाद घातला, ती तेव्हापासून वाकडीच राहिली. विसाव्या वर्षी शहरातल्या मोठ्या क्लबनं पगारावर घेतलं. ही बातमी तिने बाबांना दारातूनच सांगितली. पाच मिनिटांत अख्खी गल्ली अभिनंदनाला हजर.

तिथे तिने अठरा हंगाम काढले. बाबा एकही घरचा सामना चुकवत नसत. बसायचे मात्र नेहमी गोलच्या मागे, पहिल्या रांगेत. तिथून खेळ धड दिसत नाही, जाळीच दिसते. पण बाबांना खेळ बघायचा नसायचाच. मैदानावरचा एकच आवाज त्यांच्या कानात शिरायचा आणि तो ऐकायला ते यायचे. "डावी बाजू उघडी आहे! पुढे सरका, बसस्टॉपवर उभ्या आहात का?" बाबा मान डोलवायचे. कुणी गाणं ऐकतं, कुणी लेकीच्या शिव्या.

आणि अठराव्या हंगामाच्या शेवटी हा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग एका सकाळी उघडलेल्या तोंडातून नुसती हवा बाहेर आली. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं.

"स्वरयंत्रावर गाठी आहेत. तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. जपलंत तर गाठी बसतील. एकदा जरी ओरडलात तर ऑपरेशन आणि नंतर आवाज परत येईलच, असं मी सांगू शकत नाही."

दोन आठवड्यांनी हंगामाचा शेवटचा सामना होता. निदान बरोबरी झाली तरच क्लब वरच्या गटात टिकणार होता. त्यानंतर आपण हातमोजे खुंटीला टांगणार, हे भोंग्याने आधीच जाहीर केलं होतं. खेळायचं तर होतंच. पण भीती निराळीच होती. आपला आवाज गेला, तर बाबांशी बोलणारं जगात कुणी उरणार नाही, या विचारानं तिला जेवण जाईना. घरात तर आत्ताच स्मशानशांतता होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आठवडाभर आईबाबांचं एकही भांडण झालं नव्हतं आणि दोघंही बिचारी कोमेजून गेली होती.

भोंग्याने वहीत 'खेळते' असं लिहून प्रशिक्षक बाईंसमोर धरलं. बाई चांगल्या होत्या, पण खुळ्या नव्हत्या. "अगं, गोलकीपरचं निम्मं काम तोंडाचं. हाताने खुणा करशील, पण बघणार कोण? सगळ्यांच्या पाठी तुझ्याकडे!"

म्हणून तिने सरावाला शिट्टी आणली. पहिली शिट्टी वाजताच पंचांनी खेळ थांबवला असं समजून दोन्हीकडच्या खेळाडू जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि चेंडू एकटाच गोलात गेला. मग तिने टाळ्या वाजवून पाहिल्या. जाड हातमोज्यांची टाळी म्हणजे उशीवर थाप. बाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या गोलकीपरला तयार राहायला सांगितलं. भोंगा बाकावर बसली आणि वाकडी करंगळी चोळू लागली. डोळे भरून आले, पण हुंदकासुद्धा द्यायची चोरी.

तेव्हा मौनी उठली. मौनी म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारी स्टॉपर. सहा हंगाम भोंग्याच्या पुढ्यात उभी, पण तिच्या तोंडून 'हो'पलीकडे शब्द कुणी ऐकला नव्हता.

"बाई, ती काय बोलणार ते मला पाठ आहे," मौनी म्हणाली. "सहा वर्षं ऐकतेय. झोपेतही ऐकू येतं."

"म्हणून दाखव बरं."

मौनीने श्वास घेतला. "बसस्टॉपवर उभ्या आहात का?" असा काही आवाज निघाला की पलीकडे गवत कापणारा माळी दचकला. मग काय, एकेकीला कंठ फुटला. डाव्या बाजूच्या मुलीने विचारलं, "आणि मला काय म्हणते?" सगळ्या एका सुरात ओरडल्या, "ती पाहुणी नाही, तिला जागा देऊ नकोस!" बाई हसून हसून खाली बसल्या आणि भोंग्याचं नाव पुन्हा यादीत आलं.

सामना मात्र हसण्यासारखा नव्हता. समोरच्यांनी पहिल्या मिनिटापासून रेटा लावला. भोंगा चेंडू अडवत राहिली आणि तिच्याच शिव्या तिच्या पुढ्यात चार गळ्यांतून फिरत राहिल्या. सत्याऐंशीव्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, तिच्या टप्प्यात. ती झेपावली, पण मध्ये स्वतःच्याच तिघी उडी मारायच्या बेतात होत्या. अशा वेळी गोलकीपर 'माझा!' म्हणून ओरडते आणि बाकीच्या बाजूला होतात. नाहीतर टक्कर, आणि चेंडू सुटतो. तिचं तोंड उघडलं. शब्द गळ्यापर्यंत आला. जाळीमागे बाबा उभे होते.

"तिचा!"

मौनीचा आवाज. तिन्ही डोकी खाली गेली. चेंडू ओल्या हातमोज्यांत येऊन बसला आणि भोंगा त्याला पोटाशी घेऊन आडवी झाली.

शून्य-शून्य. क्लब टिकला. बाबा जाळीपाशी आले आणि स्वतःच्या गळ्याला हात लावून डोळ्यांनीच विचारलं, ओरडलीस? तिने मान हलवली, नाही. बाबांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला.

आठवड्याने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठी बसल्या. आता बोला, पण हळू. ओरडणं मात्र कायमचं बंद."

घरी आली तर आई दारातच उभी. "बोलता येतं? मग आधी विचार त्यांना, तीन आठवडे पंखा दुरुस्त करतो म्हणून नुसते बोट दाखवतायत, त्याचं काय झालं?"

भोंग्याने सवयीने पोटात हवा भरली आणि सोडून दिली. ती बाबांच्या खुर्चीच्या हातावर बसली, तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि नेहमीच्या माणसासारखी म्हणाली, "बाबा, आई पंख्याचं विचारतेय."

बाबा दचकले. लेकीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"ऐकू आलं की! एवढं जवळ येऊन बोलता येत होतं, तर तीस वर्षं घरभर ओरडत का होतात गं?"

आईने ओले हात पदराला पुसले, स्टूल ओढलं आणि बाबांच्या दुसऱ्या कानापाशी बसली. तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच साठलं होतं.