वयनीच्या मापाचा खड्डा

२०१८ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या साली माझी बायको गेली. ती गेली तेव्हा आम्ही गावात असून गावाबाहेर होतो. म्हणजे घर देवळापासून हाकेच्या अंतरावर, पण गावकीनं आम्हाला वाळीत टाकलेलं. दुकानदार मीठ देत नव्हता, गिरणवाला दळण घेत नव्हता. लग्नाचं आमंत्रण सोडाच, मयताचासुद्धा निरोप येत नव्हता. वाळीत टाकायला बंदी करणारा कायदा आलेला, हे मला ठाऊक होतं. पण कायदा काही बायकोशी पाणवठ्यावर दोन शब्द बोलायला येत नाही.

रेवसच्या धक्क्याकडून आत आलं की खाडीच्या कडेला आमचं गाव. खाली भातखाचरं, वर माळ, आणि माळाच्या टोकाला डोंगराला टेकून कातकऱ्यांची वाडी. लहानपणी लावणीला ती माणसं आमच्या शेतात राबायची आणि दुपारी पत्रावळ घेऊन गोठ्यामागं बसायची. एकदा मी माझं ताट घेतलं आणि त्यांच्यात जाऊन बसलो. बापानं त्या ताटाला लाथ मारली. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम तिथंच बसायला लागलो. हट्टीपणा तेव्हापासूनचा, आता म्हातारपणी कुठं जाणार?

माझी शाळा तिसरीपर्यंत. तरी वाडीतल्या पोरांना अक्षरं मीच लावली, कारण दुसरं कुणी लावीना. बाई अडली तर डोली करून सरकारी दवाखान्यात नेली. दिवाळी झाली की सगळी वाडी वीटभट्ट्यांवर जायची. तिकडं एखाद्या मालकानं माणसं अडवून ठेवली तर मी जाऊन त्याच्या दारात बसायचो. मारहाण झाली, शिव्या झाल्या, पण रिकाम्या हातानं परत आलो असं फार थोड्या वेळा झालं. कुठल्या संस्थेचा मी माणूस नव्हतो. हार घालायला कुणी बोलावलं तर जातही नव्हतो.

एवढ्यावर गावानं मला वेडा म्हणून सोडून दिलं होतं. वाळीत टाकलं ते माळासाठी. मुंबईच्या लोकांना बंगल्यांसाठी जागा हवी झाली, आणि गावकीनं तो माळ विकायचा ठरवला. मधे वाडी आडवी. गावकीचं म्हणणं, ही माणसं कालपरवा येऊन बसली, उठवा. तालुक्याला चौकशी लागली तेव्हा मी जबानी दिली की माझ्या बापाच्या लहानपणीही वाडी तिथंच होती आणि त्यांची माती, म्हणजे मेलेली माणसं पुरायची जागा, त्याहून जुनी. गावातून असं बोलणारा मी एकटाच. त्या आठवड्यात देवळात बैठक झाली आणि आमचं पान बंद झालं.

हे सगळं माझ्यापुरतं ठीक होतं. मला गावाशी बोलायची फारशी हौस नव्हती. हाल झाले ते बायकोचे. ती काही साधुबाई नव्हती. वाडीच्या बायकांना ती पडवीच्या आत घेत नसे, आणि मी वाडीत जेवून आलो की मला आधी आंघोळीला पाठवी. तिचं जग म्हणजे पाणवठा, हळदीकुंकू, लग्नातली गाणी. गाणी तिला एवढी यायची की हळदीला आधी तिला बोलावणं येई. ते सगळं एका बैठकीत संपलं. कुणाच्या मांडवात गाणी सुरू झाली की ती मागल्या दारी भांडी घासत बसायची आणि ओठ हलायचे. पुढं पुढं वाडीच्या बायका चिंबोऱ्या, मोळी, रानभाजी घेऊन यायच्या, तेव्हा ती तासन्‌तास त्यांच्याशी बोलायची. पण पडवीतच.

मग तिला दम लागायला लागला. अलिबागच्या दवाखान्यातून डॉक्टरनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ तिलाही कळला. एका दुपारी मला जवळ बसवून म्हणाली, "अवो, एक मागते. मला आपल्या मसनात न्या. सासूबाईंना जिथं नेलं तिथं. आनि चार खांदे आपल्या मानसांचे. येवढं करा."

आयुष्यात तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मागून उपयोग नाही हे तिला ठाऊक असावं.

रविवारी गावकी देवळात बसते. मी धोतर बदललं, नारळ घेतला आणि गेलो. चूक कबूल करायची तर देवापुढं नारळ ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. गावकीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ. तो म्हणाला, "ये दादूस, ये. आज इकडं कसा?"

मागून कुणीतरी म्हणालं, "वाडीत नारळ लागायला लागले वाटतं." हशा झाला.

मी नारळ देवापुढं ठेवला आणि म्हटलं, "मी चुकलो. तुमची वयनी चालली. तिला आपल्या मानसांत जायचंय."

"वयनी आमची पन हाय," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज खरंच हलला होता, खोटं कशाला लिहू? "कोन न्हाय म्हनतो? नारळ ठेवलास, चांगलं केलंस. आता उद्या तालुक्याला जा नि जबानी फिरव. संध्याकाळी सगळा गाव तुझ्या दारात."

"ते वेगळं, हे वेगळं."

"वेगळं कसं? त्येच तर हाय."

डोळ्यांपुढं एकदा बायको आली, एकदा वाडी. मग वाकून मी नारळ उचलला. एकजण ओरडला, "देवाला दिलेला उचलतोस?" मी म्हटलं, "देवाला सांग, हवा असंल तर माझ्या घरी ये." आणि पायऱ्या उतरलो.

बायको उशीला टेकून वाट बघत होती. माझ्या हातातला नारळ तिला दारातूनच दिसला.

"परत आनलात?"

"व्हय."

तिनं कारण विचारलं नाही. नारळाकडं बघून म्हणाली, "मग फोडा. ठेवून सडवताय कशाला? आमटीला खोबरं न्हाय घरात." आणि भिंतीकडं तोंड करून निजली. थोड्या वेळानं तशीच, भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "पन मला मातीत नका घालू हां. तुमचा काय भरवसा न्हाय."

पुढं काही दिवसांनी, अवसेच्या दिवशी, उजाडताना ती गेली. आमचा मुलगा उरणला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. तो करंज्याहून पहिल्या तरीनं, म्हणजे खाडीवरच्या पहिल्या बोटीनं, आला. आईच्या पायावर डोकं ठेवून रडला, उठला आणि मला म्हणाला, "बाबा, चार शब्द मागं घेतले असते तर आज आई अशी बेवारशासारखी पडली असती काय?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले. तो म्हणाला, "मी पोलिसांना फोन लावतो. मसन कुनाच्या बापाचं न्हाय."

"लावू नको," मी म्हटलं. "तिला मानसं हवी व्हती. पोलिसांची काठी न्हाय."

गावातलं एक दार उघडलं नाही. वाडी मात्र आली. पुरुष अंगणात उभे राहिले, बायका पडवीत येऊन थांबल्या. सवाष्ण गेलेली, तिला हळदकुंकू लावायला बाई हवी. वाडीतली एक म्हातारी बायकोची रोजची बोलणारी. मी तिला म्हटलं, "आत ये, लाव." तर ती मागं सरली. "मी रांडमुंड, दादा. मी कशी लावू?" तिनं आपल्या सुनेला पुढं केलं. ती पोरगी उंबऱ्याशी अडली, माझ्याकडं बघितलं, मग आत आली. घाईत तिच्या चिमटीतलं कुंकू नाकावर सांडलं. म्हातारी बाहेरून ओरडली, "अगं, नीट लाव गो! वयनीला असलं चालत न्हाय." त्यावर माझा मुलगा रडता रडता हसला.

वाडीचा कारभारी माझ्याच वयाचा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, जागा केलीय."

"कसली जागा?"

"वयनीची. आमच्या मातीत, ऐनाच्या झाडाखाली. चांगली सावली हाय. निरोप आला तशी पोरं लागली खनायला. गाव मसन देनार न्हाय, मग वयनीनं जायचं कुठं?"

आम्ही जाळतो आणि ते पुरतात, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. पण ज्याच्याकडं जे होतं ते त्यानं दिलं. एवढा मान मला उभ्या जन्मात कुणी दिला नाही. आणि तो मला घेता येत नव्हता.

मी म्हटलं, "ती मातीत नको म्हनाली रे."

त्यानं मान खाली घातली. "बरं," म्हणाला. आणि पोरांना ओरडला, "बांबू आना. लाकडं आना. बघताय काय?"

मुलानं मडकं धरलं, म्हणून तिरडीला त्याचा खांदा नाही. मी आणि वाडीचे तिघे. चारांतला एकच खांदा तिच्या माणसाचा, तो माझा. मी तिला मागल्या वाटेनं नेली नाही, गावाच्या मधून नेली. एका घरात टीव्ही चालू होता, तो बंद झाला. बायकोच्याच वर्षी लग्न होऊन गावात आलेली तिची मैत्रीण पडवीत आमच्याकडं पाठ करून उभी होती. पाठ हलत होती. तेवढंच.

मसणाला गावकीनं भिंत घातलेली, आत पत्र्याची शेड. फाटकाला नवं कुलूप. वाडीच्या एकानं दगड उचलला. "दादा, एका घावात जाईल." मी त्याचा हात धरला. कुलूप फुटलं असतं तर मला कुणी काही केलं नसतं, म्हातारा म्हणून सोडलं असतं. चोरी-दरोड्याचं कलम लागलं असतं ते वाडीच्या पोरांना. वाडी उठवायला गावाला तेवढंच निमित्त पुरलं असतं. मुलगा माझ्याकडं बघत होता. मी तिरडी फिरवायला सांगितली.

भिंतीच्या बाहेर, खाडीच्या अंगाला, चिखलाचा उंचवटा आहे. भरतीला तोही बुडतो. दुपारची भरती उतरेपर्यंत आम्ही तिला घेऊन भिंतीच्या सावलीत बसलो. पाणी हटलं तशी पोरांनी दगड मांडले, त्यावर ओली-सुकी लाकडं रचली. कातकऱ्याच्या हातची ती लाकडं, धूर न करता पेटली. तिच्या सासूबाई भिंतीच्या आत, ही बाहेर.

जळत असताना कारभारी माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला. जरा घुटमळून म्हणाला, "दादा, एक व्हतं. खड्डा खनला की रिकामा ठेवत न्हाईत आमच्यात. बुजवायचा तरी आत काय तरी लागतं. न्हायतर तो दुसरं मानूस मागून घेतो. बायका भ्यायल्यात. वयनीचं एखादं लुगडं..."

"न्हाय. तिचं काय मातीत जानार न्हाय."

"मग?"

"माझ्यासाठी ठेव," मी म्हटलं.

त्याला पटेना. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघून म्हणाला, "वयनीच्या मापाचा हाय तो. तुमी मावायचे न्हाय."

"गुडघे दुमड."

"तुमचे गुडघे जित्तेपनी दुमडत न्हाईत, मेल्यावर कुठले?" तो म्हणाला, आणि लगेच चितेकडं बघून त्यानं कानाला हात लावला.

मुलानं ऐकलं होतं. तो उठून आला. "बाबा, मी तुमाला अग्नी देनार हाय. आईला हितं एकटी ठेवून तुमी वर माळावर जानार?"

मी चितेतलं सरकलेलं लाकूड काठीनं आत ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मुलगा मडकं घेऊन खाडीवर गेलो. आमच्यात तिसऱ्या दिवशी सावडतात, पण भरतीच्या भीतीनं आधीच गेलो. रात्रीच्या पाण्यानं उंचवटा धुऊन नेलेला. राख नाही, हाड नाही. दगड तेवढे जागेवर होते आणि त्यांच्यामधे निवट्या, चिखलातल्या त्या बोटभर मासळ्या, उड्या मारत होत्या. मुलगा चिखलात उतरून हातानं चाचपत राहिला. मी त्याला थांबवलं नाही. त्याचं झाल्यावर तो वर आला आणि रिकामं मडकं घेऊन घराकडं चालू लागला, माझ्यासाठी न थांबता.

मी त्याच्यामागून घरी गेलो, कोयता घेतला आणि माळ चढून ऐनाच्या झाडाशी गेलो. खड्डा सरळ कडांचा, नीट काढलेला होता. वाडीच्या शेळ्या आजूबाजूला चरत होत्या. मी करवंदीच्या काट्या तोडल्या आणि शेळ्या आत पडू नयेत म्हणून खड्ड्यावर घातल्या.