पट्टीची परीक्षा घेणाऱ्या मॅडम

'निगेटिव्ह' या शब्दावर आमच्या मॅडमइतका अविश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. मॅडम सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर, आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेतला टेक्निशियन. सर्दी-खोकल्याचे विषाणू पंधरा मिनिटांत ओळखणाऱ्या अँटिजेन पट्ट्या आमच्याकडे आल्या, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मॅडमना मात्र वेगळीच काळजी लागली. खरोखर लागण झालेल्यांपैकी किती जणांना ही पट्टी पकडते आणि किती जण हिच्या हातून निसटतात? मग त्यांनी पट्टीचीच परीक्षा मांडली. प्रत्येक रुग्णाच्या नाकातून दोन नमुने घ्यायचे, एक पट्टीवर, दुसरा आरटी-पीसीआरच्या यंत्रात, आणि दोन्ही निकाल ताडून बघायचे.

पट्टी दोघांनी वेगवेगळी वाचायची आणि एकमेकांना सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. लागण दाखवणारी रेघ पुसट असली की मॅडम ती खिडकीशी नेऊन बघायच्या, मग व्हरांड्यात, मग एक डोळा मिटून. ही सवय घरीही पोचली होती. एकदा मला जेवायला बोलावलं आणि वरणात मीठ बरोबर आहे का, ते सांगायला मला आणि त्यांच्या यजमानांना एकमेकांकडे पाठ करून उभं केलं. "लग्न झाल्यापासून मीठ बराबरच आहे," यजमान भिंतीकडे बघत म्हणाले. मॅडमनी तो निकाल बाद धरला. "तुमी भिऊन सांगून राहिलात."

दोनदा नाकात काडी घालून घ्यायला लोक सहजी तयार होत नसत. औंढ्याजवळच्या तांड्यावरची एक म्हातारी तर चिडलीच. "एका नाकपुडीत सापडलं न्हाई म्हणून दुसरीत काहून शोधून राहिली, बाई?" मॅडम तिच्याशेजारी ओट्यावर बसल्या. "आजी, परीक्षा तुमची न्हाई, या पट्टीची आहे. पास की नापास, ते तुमच्या नाकावर ठरणार." म्हातारीला हा मान फार आवडला. तिने दुसरी नाकपुडी पुढे केलीच, शिवाय खोकणारी सून आणि दोन दीर अंगणात आणून उभे केले.

त्याच थंडीत मॅडमच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं, माहेरी, हट्ट्याला. लग्नाच्या सकाळी मॅडमचा घसा खवखवला. पट्टी निगेटिव्ह. मी बघितली, यजमानांनी बघितली, लागणीच्या रेघेचा मागमूस नव्हता. तरी त्यांनी दुसरा नमुना यंत्राला दिला आणि गाडीच्या सगळ्या काचा उघड्या टाकून, मास्क लावून हट्टा गाठलं. मी मोटारसायकलवर मागे होतो. मांडवात मात्र त्या शिरल्या नाहीत. समोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसल्या.

त्यांच्या वडिलांना दमा होता. ते मांडवाच्या तोंडाशी येऊन म्हणाले, "पोरी, पट्टी न्हाई म्हणती ना? मग ये की आत."

"पट्टी म्हणती, बाबा. मी अजून म्हटलं न्हाई. तुमी पुढं येऊ नका."

लाऊडस्पीकरवर त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा त्या लिंबाखाली एकट्याच हात जोडून उभ्या राहिल्या आणि मास्कमधून सगळं म्हणाल्या. जेवणं चालू असताना प्रयोगशाळेतून मला फोन आला. मॅडम पॉझिटिव्ह होत्या. मी लांबूनच ओरडून सांगितलं. त्यांनी आधी वडिलांकडे बघितलं. ते मांडवात बसून निवांत जिलबी खात होते. मग मॅडमचे डोळे चमकले. "म्हणजे पट्टी हुकली." आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. अभ्यास त्यांचाच, त्यामुळे स्वतःचं नाक त्यात मोजता येत नव्हतं, याचं त्यांना तापापेक्षा जास्त वाईट वाटलं.

बहीण दुसऱ्याच दिवशी नवऱ्याबरोबर पुण्याला गेली. मॅडम बऱ्या होऊन कामावर आल्या, तेव्हा मोबाइलवर तिने पाठवलेला फोटो त्यांनी मला दाखवला. नवरीने स्टेजवर घरच्यांचा फोटो काढूच दिला नव्हता. नवऱ्यासकट सगळ्यांना उन्हात अंगणात आणून लिंबाकडे पाठ करून उभं केलं होतं. त्यांच्या खांद्यांवरून, लांब मागे लिंबाखाली, मास्क लावलेली, पांढऱ्या साडीतली एक छोटीशी बाई हात वर करून उभी होती.

मॅडमनी बोटांनी फोटो मोठा केला.

"सगळे आले बघा यात," त्या म्हणाल्या.