घोटलेला कट्टा

बायकोच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही कळंबोलीच्या खोलीत नवीन होतो. डॉक्टर म्हणाला, वाकायचं नाही, वाकली तर पुन्हा अंथरूण. म्हणून ती दवाखान्यात असतानाच मी बाथरूममध्ये कमरेइतका विटांचा कट्टा बांधला. उभ्यानं कपडे धुवावेत तिनं.

मी गवंडी. ओल्या प्लास्टरवर सिमेंट भुरभुरलं आणि थापीनं घोटून कट्टा आरशासारखा केला. वर टाइल लावायच्यात हे माहीत असून घोटला. हाताची खोड.

ती घरी आली, कट्ट्यावर हात फिरवला.

"यावर टाइल धरंल?"

"आता तू शिकव मला."

"पंधरा वर्षं तुमच्याच हाताखाली घमेलं वाहिलंय. एवढा आरसा केलाय, बगा तोंड त्यात."

मी रागानं दोन टाइल लावल्या. चार दिवसांनी तिनं नख घालून दोन्ही काढल्या, माझ्या हातात ठेवल्या. टाइलशिवाय कोवळ्या कट्ट्यावर धुणं आपटता येईना, म्हणून खाली बसली आणि वाकून धुणं सुरू केलं.

मी छिन्नी काढली. गुळगुळीत सिमेंटला टाचे मारून खडबडीत करायचं, तेव्हा टाइल धरते. पण कट्टा कोवळा, त्याची भिंत अर्ध्या विटेची. एक घाव जोरात बसला की सगळं खाली. दुसरा बांधायला माल नव्हता. आणि तोवर ही वाकणार, ऐकणारी नव्हती.

ती उठली, भिंतीला टेकून कट्ट्याच्या कडेवर तळहात दाबून उभी राहिली. मी ठोकायचो, ती हातानं ऐकायची.

"हळू. थरथरतोय."

मी हात हलका केला. अर्धा दिवस असंच चाललं. भिंतीकडच्या कोपऱ्यात आलो तशी तिनं माझं मनगट धरलं.

"हितं नको. बद्द वाजतंय, आतून पोकळ हाय."

"मग तिथली टाइल सुटंल."

"एक सुटली तर सुटू द्या. कट्टा ऱ्हाऊ द्या."

तो कोपरा तसाच ठेवला. कट्टा धुतला, पाणी पाजलं, भिजवलेल्या टाइल बसवल्या. तिची कंबर पुन्हा धरली नाही. कट्ट्यापुढं उभी राहून धुणं धुतलं तिनं, शेवटच्या आजारपणापर्यंत.

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. कोपऱ्यातली टाइल परवा सुटली. पोरगी म्हणते, मिस्त्री बोलावते. मी नको म्हणालो. कट्टा आहे ना उभा.